सुट्टीतलं स्नॉर्केलिंग आणि स्कूबा: बोटीवरच्या सूचनांमागचा इतिहास

प्रवाळबेटावर सुट्टीला गेलेल्या माणसाला स्नॉर्केलिंगसाठी (तोंडात नळी धरून पृष्ठभागावर तरंगणं) किंवा स्कूबासाठी (पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन खोल जाणं) पाण्यात उतरण्यापूर्वी थोडक्यात सूचना दिल्या जातात. श्वास रोखू नका. कान दुखायच्या आधीच मोकळे करा. वर येताना घाई करू नका. उद्या विमान असेल तर आज डाइव्ह नको. ऐकणाऱ्याचं लक्ष तेव्हा समोरच्या पाण्याकडे असतं आणि ते साहजिकच आहे. पण या सूचना कोणी टेबलापाशी बसून लिहिलेल्या नाहीत. पुलाचे पाये खणणारे मजूर, स्पंज काढणारे बेटवासी आणि नौदलाचे पाणबुडे यांच्या हालअपेष्टांतून त्या तयार झाल्या आहेत.

बुडी मारणं माणसाला फार पूर्वीपासून येतं. जपानच्या आमा आणि कोरियातल्या जेजू बेटावरच्या हेन्यो स्त्रिया शतकानुशतकं एका श्वासावर तळ गाठून शिंपले, गोगलगायी, समुद्री शेवाळ वर आणत आल्या आहेत. नळीतून श्वास घेण्याची कल्पनाही जुनी आहे. हत्तीच्या सोंडेचं वर्णन करताना ॲरिस्टॉटलने पाणबुड्यांच्या श्वास घेण्याच्या साधनाचा दाखला दिला आहे. मग हीच नळी लांब करून खोल का गेलं नाही कोणी? कारण पाणी छातीवर दाबतं. एक मीटर खोलीवरसुद्धा हा दाब इतका असतो की बाहेरची साधी हवा आत ओढायला छातीचे स्नायू कमी पडतात. शिवाय लांब नळीत आपलीच उच्छ्वासाची शिळी हवा साचून राहते आणि तीच पुन्हा आत जाते. म्हणून आजचं स्नॉर्केल साधारण ३५ ते ४० सेंटिमीटरचंच असतं. त्याचं काम पृष्ठभागावर, पालथं तरंगत खाली बघण्यापुरतं. खोल जायचं तर हवा दाबाखालीच मिळाली पाहिजे.

ती सोय एकोणिसाव्या शतकात झाली. ऑगस्टस झीबे यांनी १८३०च्या दशकात तांब्याचं शिरस्त्राण आणि त्याला जोडलेला बंद पोशाख बनवला. बोटीवरचा पंप रबरी नळीतून खाली हवा सोडायचा. ग्रीसच्या कालिम्नोससारख्या बेटांवर स्पंज काढणाऱ्यांनी हा पोशाख उचलला. पूर्वी एका श्वासात उरकायचं काम आता तासन् तास करता येऊ लागलं. आणि मग धडधाकट माणसं वर आल्यावर लुळी पडू लागली, काही दगावली. त्याच सुमारास नदीच्या तळाशी, दाबलेल्या हवेच्या बंद पेट्यांमध्ये पुलांचे पाये खणणाऱ्या मजुरांनाही हेच होत होतं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग या दुखण्याने १८७२ साली असे खचले की पुढचं बरंचसं काम त्यांच्या पत्नी एमिली यांनी सूचनांची ने-आण करत आणि स्वतः शिकत पार पाडलं.

कारण सापडलं ते फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर यांना, १८७८ साली. दाबाखाली श्वास घेतला की हवेतला नत्रवायू रक्तात आणि मांसात जास्त विरघळतो. माणूस झपकन वर आला की तो बुडबुड्यांच्या रूपात सुटतो. सांधे, मणका, मेंदू, जिथे अडकेल तिथे घात करतो. मग वर यायचं किती सावकाश? ब्रिटिश नौदलासाठी जॉन स्कॉट हाल्डेन यांनी शेळ्यांवर प्रयोग करून याचं गणित मांडलं आणि १९०८ साली थांबे घेत वर येण्याची कोष्टकं प्रसिद्ध केली. पाणबुड्याच्या मनगटावरचा आजचा डाइव्ह कॉम्प्युटर त्याच विचाराची सुधारलेली आवृत्ती चालवतो. विमानाच्या सूचनेचं मूळही इथेच आहे. केबिनमधला दाब डोंगरमाथ्यावरच्या दाबाइतका कमी असतो, त्यामुळे पाण्याबाहेर सुखरूप आलेल्या माणसाच्या अंगातला उरलेला नत्रवायू हवेत असताना त्रास देऊ शकतो. एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर किमान १८ तास थांबा, असा सल्ला म्हणूनच देतात.

एवढं समजलं तरी पाणबुड्या अजून बोटीला बांधलेलाच होता. १८६०च्या दशकात बेन्वा रूकेरोल आणि ऑगस्त दनेरूझ या दोघा फ्रेंचांनी श्वास घेतला तेवढीच हवा सोडणारं उपकरण बनवलं होतं. पण भरपूर हवा दाबून भरता येईल अशा मजबूत टाक्या त्या काळी नव्हत्या. चांगली कल्पना केवळ पोलादाअभावी अनेक दशकं पडून राहिली, याचं मला राहून राहून वाईट वाटतं.

तिला जीवदान मिळालं ते दुसऱ्या महायुद्धात. जर्मनीने व्यापलेल्या फ्रान्समध्ये पेट्रोलचा दुष्काळ होता आणि मोटारी गॅसवर चालवाव्या लागत होत्या. एमिल गान्यां हे अभियंते त्यासाठी गॅस बेताने सोडणारा व्हॉल्व्ह बनवत होते. डिसेंबर १९४२मध्ये नौदल अधिकारी झाक-ईव्ह कुस्तो त्यांना भेटले आणि तोच व्हॉल्व्ह श्वासासाठी जुळवायचं ठरलं. रचना सुटसुटीत आहे. एका डबीत रबराचा पडदा, त्याच्या एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. श्वास ओढला की पडदा आत दबतो, तरफ हलते, झडप उघडते आणि आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा तोंडात येते. श्वास थांबला की झडप बंद. मार्न नदीतल्या पहिल्या चाचणीत कुस्तो आडवे पोहताना सगळं ठीक चाललं, पण उभे राहिले की हवा भसाभसा वाया जाई आणि डोकं खाली केलं की मिळेनाशी होई. उच्छ्वास बाहेर सोडणारं तोंड पडद्यापासून दूर होतं, दोन्ही ठिकाणी पाण्याचा दाब वेगळा पडत होता. ते पडद्याच्या शेजारी आणून बसवलं आणि अडचण सुटली. १९४३च्या उन्हाळ्यात भूमध्य समुद्रात कुस्तो खाली गेले तेव्हा त्यांच्या पत्नी सिमोन वर मास्क आणि स्नॉर्केल लावून तरंगत त्यांच्यावर नजर ठेवून होत्या.

या उपकरणाने श्वासाचा नियमच उलटा केला. स्नॉर्केल लावून बुडी मारणारा श्वास रोखतो आणि ते योग्यच असतं. वरून नेलेली हवा वर येताना फुगून मूळ मापावर येते, इतकंच. पण १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे सिलिंडरमधून भरलेली फुप्फुसं तशीच रोखून वर आलं तर आतल्या हवेला दुप्पट जागा लागते आणि फुप्फुस फाटू शकतं. सकाळी स्नॉर्केल आणि दुपारी स्कूबा करणाऱ्या पाहुण्याला एकाच दिवसात दोन विरुद्ध सवयी सांभाळाव्या लागतात. म्हणून प्रशिक्षक ‘श्वास रोखू नका’ हे वाक्य पुन्हा पुन्हा सांगतात, आणि तसं ते सांगायलाच हवं. सुरुवातीच्या वर्षांत सामान विकत मिळायचं, शिकवायला मात्र फारसं कोणी नसायचं. ब्रिटिश सब-ॲक्वा क्लब १९५३मध्ये, सीमास ही आंतरराष्ट्रीय संघटना १९५९मध्ये आणि पाडी ही प्रशिक्षण संस्था १९६६मध्ये उभी राहिली, तसतसे अभ्यासक्रम आणि प्रमाणपत्रं रुळली.

हौसेची बाजू मात्र सुरू झाली शिकारीपासून. १९३०च्या दशकात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर गॉगल लावून भाल्याने मासे मारण्याची टूम निघाली. लुई द कोर्लियू यांच्या पायात घालायच्या रबरी फिन्सही त्याच दशकातल्या. हान्स हास हा ऑस्ट्रियन तरुण तिथूनच हे शिकला, पण १९३९ साली कॅरिबियनमधल्या कुरासाओ आणि बोनेर बेटांवर गेला तो पाण्यात चालणारा कॅमेरा घेऊन. बेटावर जाऊन प्रवाळ बघायचं, फोटो काढायचे, ही आजच्या सुट्टीची रीत कुस्तोंपेक्षा त्याच्याकडून जास्त आली आहे असं माझं मत आहे. कुस्तोंच्या १९५६च्या गाजलेल्या माहितीपटात तर मासे मोजण्यासाठी प्रवाळात सुरुंग लावलेला आणि शार्कना ठेचून मारलेलं दिसतं. त्या काळी ते कोणाला फारसं खटकलं नव्हतं.

पुढे जेट विमानं आली, दूरची बेटं काही तासांवर आली. मालदीवमधलं पहिलं रिसॉर्ट १९७२चं. या सगळ्यात बोनेरची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. डॉन स्ट्युअर्ट हे अमेरिकन खलाशी १९६२मध्ये तिथे पोहोचले आणि पाहुण्यांना डायव्हिंगला नेऊ लागले. भाल्याची शिकार थांबावी म्हणून आग्रह धरणाऱ्यांत ते पुढे होते. १९७१मध्ये तिथे ती बंदी आली आणि १९७९मध्ये बेटाभोवती सागरी उद्यान झालं. बोटींनी प्रवाळावर नांगर टाकू नये म्हणून बोटी बांधायला कायमचे तरंगते बोये बसवले गेले. आज प्रवाळबेटांवर सर्रास दिसणारे हे बोये दिसायला क्षुल्लक, पण नांगराची एक साखळी वाऱ्याने फिरली की अनेक दशकांची वाढ घासून निघते.

उपकरणांनीही प्रवाळाला मदत केली. हवा भरून तरंग सांभाळणारं जॅकेट १९७०च्या दशकात रुळलं. त्याआधी नवखा माणूस जड होऊन तळावर गुडघे टेकायचा किंवा प्रवाळाला धरून थांबायचा. प्रवाळाची जिवंत त्वचा अतिशय पातळ असते. मुठीची पकड तर सोडाच, फिनने उडवलेली वाळूही तिच्यावर बसून राहिली तर गुदमरवते. १९९८ सालच्या तापलेल्या समुद्राने जगभरची प्रवाळं पांढरी पडली, तेव्हापासून पाहुण्यांकडून होणाऱ्या लहानसहान इजांकडेही अधिक काटेकोरपणे पाहिलं जाऊ लागलं. पॅसिफिकमधल्या पलाऊ या देशाने २०२०पासून प्रवाळाला घातक मानली जाणारी रसायनं असलेल्या सनस्क्रीनवर बंदी घातली, आणि हवाईने २०२१पासून ऑक्सिबेन्झोन व ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनची विक्री थांबवली. तिथे जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच बाटलीवरची घटकांची यादी वाचून घ्यावी, किंवा सरळ पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा घालावा.