विंडोज तुमचं २० टक्के इंटरनेट अडवून ठेवत नाही

विंडोज एक्सपी २००१ मध्ये आली, तेव्हापासून एक 'युक्ती' फिरते आहे: क्यूओएससाठी, म्हणजे कुठला डेटा आधी जाऊ द्यायचा हे ठरवणाऱ्या सोयीसाठी, विंडोज २० टक्के बँडविड्थ (नेटची वहनक्षमता) राखून ठेवते, ग्रुप पॉलिसी या विंडोजच्या सेटिंग्जमध्ये तो आकडा शून्य करा, नेट पळायला लागेल. नाही लागत. ते २० टक्के ही कमाल मर्यादा आहे, तीही एखाद्या प्रोग्रामने प्राधान्य मागितलं तरच. प्राधान्य मागूनही त्याने काही पाठवलं नाही, तर ती जागा इतरांना मोकळीच. मायक्रोसॉफ्टने हा खुलासा केव्हाच केलाय, पण युक्तीच जास्त वाचली जाते!

खरी कोंडी बहुधा राउटरपाशी होते. कुणी मोठी फाइल अपलोड करतं, डेटाची रांग तुंबते, व्हिडिओ कॉल अडखळतो. प्राधान्यक्रम तिथे लावा आणि अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगापेक्षा थोडी खाली ठेवा. नाहीतर रांग मोडेममध्ये लागते आणि तिथे राउटरचं काही चालत नाही.