पथ्याच्या मुलांसाठी सणाचा खाऊ
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नव्याच्या सणाच्या ऑर्डरी आमच्याकडे गणपतीच्या सुमारास सुरू होतात. पूर्वी फोनवरचं पहिलं वाक्य असायचं, "दोन किलो हलवा." आता बरेचदा ते असतं, "धाकटीला गहू बंद केलाय, मग हलव्याचं काय करायचं?" हे पत्रक त्या प्रश्नासाठी आहे. यातलं बरंचसं घरी जमण्यासारखं आहे. तुम्ही केलंत तर आमची एक ऑर्डर जाईल, पण फोनवर अर्धा तास कृती सांगण्यापेक्षा ते परवडतं.

आम्ही ठाण्यातलं बेने इस्राएल घर. बोली मराठी, सण यहुदी. नव्याने येणाऱ्या ग्राहकांसाठी एवढंच सांगतो, की नव्याचा सण म्हणजे रोश हशाना, यहुदी नवं वर्ष, तिश्री महिन्याची पहिली तारीख. होळीचा सण म्हणजे पुरीम, कारण तो होळीच्या आसपास येतो. ही नावं आमच्या आज्या-पणज्यांची आहेत. हिब्रू नावं घरात नंतर रुळली.

दूध चालत नाही

ही त्यातल्या त्यात सोपी अडचण. कोशेर, म्हणजे आमच्या धर्माच्या खाण्यापिण्याच्या, नियमानुसार मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही. सणाला मटण असणारच, म्हणजे गोडात दूध-तूप घालायची सोय नाही. कोकणातल्या आपल्या बायकांनी यावर नारळाचा उपाय काढला. अंगणात माड आणि शेतात भात असताना दुसरीकडे बघायची गरजही नव्हती. हलवा नारळाच्या दुधातला, खिरीच्या सणाची खीरही नारळाच्या दुधातली. त्यामुळे दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला आपलं जुनं ताट जवळजवळ जसंच्या तसं चालतं. घोळ केला तो नंतर आलेल्या कंडेन्स्ड मिल्कच्या झटपट हलव्याने आणि बेकरीच्या केकने.

दोन ठिकाणी मात्र फसगत होते. पहिली नारळाच्या दुधाच्या पावडरीत. कित्येक पावडरींत सोडियम केसिनेट असतं आणि ते दुधातलंच प्रथिन आहे. पाकिटाच्या दर्शनी बाजूला नारळाचं चित्र आणि मागे बारीक अक्षरात केसिनेट! शक्यतो नारळ खवून, वाटून, गाळून दूध काढा. कंटाळा येत असेल तर डब्यातलं घ्या, पण घटक वाचून.

दुसरी फसगत 'पारवे' या शब्दाची. ज्यात मांसही नाही आणि दूधही नाही ते पारवे. हा धर्माचा शब्द आहे, डॉक्टरांचा नव्हे. दुधाचं चॉकलेट ज्या यंत्रावर झालं त्याच यंत्रावर पुढे पारवे चॉकलेट होऊ शकतं. ते कोशेरच्या हिशोबात बसलं तरी लेशमात्र दुधाने ज्याच्या अंगावर पित्त उठतं त्या मुलाला त्रास द्यायला पुरेसं असतं. पारवे वाचलंत तरी अ‍ॅलर्जीची सूचना वेगळी वाचा.

एक कबुलीही देतो. सुरुवातीच्या एका वर्षी आम्ही अगदी शुद्ध नारळाचा हलवा केला आणि सवयीने थाळीला तुपाचा हात फिरवला. एका मुलीच्या ओठांवर सूज आली. ती लवकर बरी झाली, पण तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरात तूप येतच नाही. थाळीला खोबरेल लावतो.

गहू चालत नाही

नव्याच्या सणाचा मानकरी म्हणजे चिकाचा हलवा. चीक म्हटलं की शेजारणींना खरवस आठवतो. हा चीक गव्हाचा. गहू दोन-तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून फडक्यातून गाळायचे आणि तळाशी बसलेला पांढरा साका नारळाच्या दुधात आणि साखरेत तासन् तास घोटायचा. घरातल्या प्रत्येकाचा हात दुखल्याशिवाय हा हलवा होत नाही.

ग्लूटेन म्हणजे गव्हातलं प्रथिन. आम्हाला नेहमी विचारतात, "चिकात तर नुसता स्टार्च असतो, ग्लूटेन चोथ्यात राहतं ना?" अर्धं बरोबर आहे. बरंचसं ग्लूटेन चोथ्याबरोबर जातं, पण सगळं जात नाही. 'ग्लूटेन-फ्री' म्हणायचं तर एका किलोत 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही आणि घरच्या फडक्याने गाळून कोणीही ती हमी देऊ शकत नाही. सिलिअ‍ॅक (ग्लूटेनने आतड्याला इजा होते तो आजार) असलेल्या मुलाला चिकाचा हलवा एक वडीसुद्धा देऊ नका, आजी कितीही म्हणाली तरी. त्रास त्या दिवशी दिसला नाही म्हणजे आतड्याला इजा झाली नाही असं नसतं.

त्याऐवजी चायना ग्रासचा हलवा करा. तोही आपल्या घरांतून केला जातोच, नवीन शोध नाही. चायना ग्रास समुद्री शेवाळापासून होतं, त्यामुळे जिलेटिनसारखा कोशेरचा प्रश्न येत नाही. 10 ग्रॅम चायना ग्रास कात्रीने कापून अर्धा तास भिजवा. अर्धा लिटर पाण्यात मंद आचेवर पूर्ण विरघळू द्या. एकही दोरा दिसता कामा नये. मग 150 ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ आणि वेलची घाला. 400 मिलिलिटर घट्ट नारळाचं दूध वेगळ्या भांड्यात कोमट करून त्यात ओता. थंड दूध ओतलंत तर गुठळ्या होतात आणि दूध घातल्यावर उकळलंत तर ते फुटतं. ढवळून थाळीत ओता, दोन तासांनी वड्या पाडा. गुलाबी रंगासाठी चमचाभर बिटाचा रस पुरतो. बाजारातल्या लाल रंगांपैकी कार्माइन हा किड्यांपासून काढतात आणि तो कोशेरमध्ये चालत नाही, म्हणून आम्ही बीटच वापरतो.

अगदी लहान मुलांना ही वडी अख्खी देऊ नका. ती जिभेवर विरघळत नाही, घशात अडकू शकते. बोटाच्या पेराएवढे पातळ तुकडे करून, बसवून खायला द्या.

गव्हाच्या बाबतीत आणखी एक ठिकाण गिरणी. तांदळाचं पीठ दळून आणलंत आणि तुमच्या आधी कोणी गहू दळले असतील, तर तुमच्या पिठात ते आलेच. तांदूळ धुऊन, पंख्याखाली वाळवून घरच्या मिक्सरवर वाटा आणि बारीक चाळणीने चाळा. चाळणीही गव्हाची नको, वेगळी ठेवा.

मलिदा: दाणे आणि सुकामेवा चालत नसेल तर

एलियाहू हानाबीचा (एलिया संदेष्ट्याचा) मलिदा नवस फेडायला, लग्नाआधी, नव्या घरात, कशालाही होतो. तू बिश्वातला, म्हणजे झाडांच्या नव्या वर्षाच्या सणाला, तर होतोच. त्या दिवशी अलिबागजवळच्या खंडाळ्याला (घाटातलं नव्हे) माणसं जातात, कारण एलियाहू हानाबीच्या रथाची खूण तिथल्या खडकावर आहे अशी आपल्या लोकांची श्रद्धा आहे. हा पदार्थ पोह्यांचा, म्हणजे गहू नाही, दूध नाही, अंडं नाही. अडचण फक्त वरून पेरलेल्या बदाम-पिस्त्यांची.

दोन वाट्या पोहे धुऊन निथळत ठेवा. एक वाटी ओलं खोबरं, पाऊण वाटी किसलेला गूळ, वेलची, थोडं जायफळ घालून हलक्या हाताने कालवा. बदामाच्या जागी खोबऱ्याचे पातळ काप परतून घाला. भोपळ्याच्या बियाही छान लागतात, पण मुलाने त्या आधी खाल्लेल्या असतील तरच. सणाच्या दिवशी नवी वस्तू पहिल्यांदा चाखायला देऊ नये. भोवती केळी, सफरचंद, संत्रं, खजूर मांडा, आशीर्वाद म्हणा आणि मग वाटा.

बेदाणे मात्र सुट्टे घेऊ नका. सुक्या मेव्याच्या दुकानात काजूच्या डब्यातला चमचाच बेदाण्यांच्या डब्यात जातो. बंद पाकीट घ्या आणि त्यावरही काय लिहिलंय ते बघा.

मलिदा मुलांना स्वतः कालवू द्या. यात आच नाही, सुरी नाही. ज्या मुलाला वर्षभर "हे खाऊ नको" ऐकायला लागतं त्याच्या हातून त्या दिवशी सगळ्यांना प्रसाद मिळतो. आणि एक आमचं ठाम मत: पथ्याच्या मुलासाठी वेगळी वाटी बाजूला काढण्यापेक्षा सगळ्यांसाठीच तसा मलिदा करा. एका ताटात पिस्ते असले की चार चुलत भावंडांमध्ये चमचे फिरतातच.

होळीचा सण: त्रिकोणी करंजी

युरोपातले यहुदी पुरीमला मैद्याची त्रिकोणी बिस्किटं करतात, आत खसखस किंवा जॅम. हिब्रूत त्यांना 'हामानचे कान' म्हणतात. मुलांना ते नाव फार आवडतं. दुष्टाचे कान चावून खायचे! ती बिनमैद्याची, बिनअंड्याची करायच्या पाककृती आम्ही पुष्कळ करून पाहिल्या. भुगा होतो. मग लक्षात आलं, की तांदळाची उकड आपल्या हातात आहेच.

एक वाटी पाणी उकळा, मीठ आणि चमचाभर तेल घाला, एक वाटी तांदळाचं पीठ घालून ढवळा, झाकून दोन वाफा आणा आणि गरम असतानाच मळा. बिया काढलेला खजूर बारीक करून त्यात ओलं खोबरं मिसळा, हे सारण. उकडीची जाडसर पारी थापा, मध्ये सारण ठेवा, तीन बाजू उचलून कोपरे चिमटा. मधोमध सारण दिसलं पाहिजे. दहा मिनिटं वाफवा. मोदकाच्या कळ्या ज्यांना जमत नाहीत त्यांनाही हे जमतं. चार-पाच तासांत संपवा, नंतर पारी कडक होते.

हनुक्का

आपल्या जुन्या माणसांना हा सण ठाऊक नव्हता, तो इकडे नंतर आला, म्हणून खास आपला असा पदार्थ यात नाही. तळण महत्त्वाचं. बटाट्याचे लाटके, म्हणजे तळलेल्या टिक्क्या, करताना बहुतेकजण अंडं आणि मैदा घालतात, दोन्हींची गरज नाही. बटाटे किसून फडक्यात पिळा, ते पाणी दहा मिनिटं स्थिर ठेवा, वरचं ओतून द्या. तळाशी पांढरा साका उरतो, हा बटाट्याचा चीकच म्हणा. तो किसात परत मिसळा, मीठ घाला, थापून तळा. सुटत नाहीत.

तेल नवं घ्या. ज्यात पुऱ्या तळल्या ते तेल गहू न चालणाऱ्या मुलाला नको. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर घाण्याचं शेंगदाणा तेल मुळीच नको, त्यात दाण्याचा अंश राहतो. तिखट लाटक्यांत हिंग घालणार असाल तर डबी वाचा, बाजारच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं.

पेसाह

या सणात गहू, जव, राय, ओट्स फुगवून केलेलं काही घरात नसतं, तेव्हा लोकांना वाटतं की सिलिअ‍ॅकच्या मुलाला हा सण सोपा. पण मात्झा, म्हणजे या सणाची न फुगवलेली रोटी, सहसा गव्हाचाच असतो आणि परदेशातून येणारे पेसाहचे केक बहुधा अंडी आणि बदाम-अक्रोडांवर उभे असतात. गव्हाचा धोका जातो तिथे सुक्या मेव्याचा येतो. परदेशात ग्लूटेन-फ्री ओट्सचा मात्झा मिळतो, पण काही सिलिअ‍ॅक मुलांना ओट्सही सोसत नाहीत. डॉक्टरांना आणि प्रार्थना चालवणाऱ्या हझानना, दोघांनाही विचारा.

आपला खजुराचा शिरा मात्र सगळ्यांना चालणारा. अर्धा किलो बिनबियांचा खजूर लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, उकळा, कुस्करा, फडक्यातून पिळून काढा आणि रस मधासारखा होईपर्यंत आटवा. इतर ठिकाणचे यहुदी पेसाहच्या अशा गोडात घालतात तसे यात अक्रोड नाहीत, वाइन नाही.

नातेवाईक इस्राएलातल्या अश्दोद किंवा रामल्याहून येताना हलवा आणतात, तो आपला हलवा नव्हे. तो तिळाचा असतो, अनेकदा पिस्ते घातलेला. नाव एकच असल्यामुळे तिळाच्या अ‍ॅलर्जीचं मूल नकळत खाऊन बसतं. तो डबा वेगळ्या कपाटात.

साखर

मधुमेह असलेल्या मुलांचे पालक गुळाचा हलवा मागतात. गूळ, खजूर, मध यांनीही साखर चढते, त्यामुळे 'गुळाचा म्हणून चालेल' असं आम्ही सांगणार नाही. टाइप 1 मधुमेहात साधारणपणे मोजून खायचं आणि त्याप्रमाणे इन्सुलिन घ्यायचं असतं, म्हणून आम्ही मोजून देतो. चायना ग्रासच्या हलव्याच्या वरच्या मापात 30 वड्या पाडल्या तर एका वडीत 5 ग्रॅम साखर येते.

ऑर्डर देताना

फक्त "अ‍ॅलर्जी आहे" असं सांगू नका. कशाची, थोडा अंशही चालत नाही का, आणि पूर्वी काय झालं होतं, हे तीनही सांगा. आठ दिवस आधी सांगा. चिकाचा हलवा करायला घेतला की स्वयंपाकघरभर गहू असतो, म्हणून बिनगव्हाच्या ऑर्डरी आम्ही त्याच्या आधी, सगळं धुऊन, पूर्ण करतो. सणाच्या आठवड्यात आलेली बिनगव्हाची ऑर्डर घेणार नाही, ओळखीची असली तरी.

शेंगदाणे किंवा सुक्या मेव्याची तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर आम्ही सरळ नाही म्हणतो. इतर ग्राहकांसाठी बदाम-पिस्ते आमच्याच ओट्यावर कापले जातात. त्या मुलाचा मलिदा तुमच्या घरी, तुमच्या हातानेच व्हावा.

डॉक्टरांनी अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन दिलेलं असेल तर सणाला ते घरात ठेवून निघू नका. सिनेगॉगमध्ये (आजीच्या भाषेत मशिदीत) प्रार्थनेनंतर जो खाऊ वाटला जातो तो दहा घरांतून आलेला असतो. पिशवीत ते असू द्या, आणि सोबत मुलाला आवडेल असा आपला एक डबा.

आमच्या प्रत्येक डब्यात घटकांची आणि कधी केला त्या तारखेची चिठ्ठी असते. खाऊ दुसऱ्या डब्यात काढलात तर चिठ्ठीही त्यात टाका.