भुशाची शेगडी

लाकडाचा भुसा डब्यात घट्ट ठासून, मधल्या उभ्या पोकळीतून तो कित्येक तास जळत ठेवणारी शेगडी. मराठवाड्यात घराला लागून असलेल्या कामाच्या शेडांत, विशेषतः सुतारकाम, दुचाकी-दुरुस्ती आणि मोटार रिवायंडिंगच्या (जळालेल्या विजेच्या मोटारीची तारेची गुंडाळी नव्याने भरण्याच्या) जागी, हिवाळ्यात ऊब आणि सरस-रंगकामासाठी उष्णता अशा दुहेरी कारणाने ती वापरली जाते. चुलीला पर्याय म्हणून तिचा स्वयंपाकातील वापर सर्वांच्या परिचयाचा आहे. येथे विचार केला आहे तो कामाच्या जागेचा.

नाव : अमरकोशात निखाऱ्यांच्या पात्रासाठी अंगारधानिका, अंगारशकटी, हसंती आणि हसनी असे शब्द एकत्र दिले आहेत. यांपैकी अंगारशकटीतील शकटी म्हणजे लहान गाडा. गुजराती सगडी, हिंदी आणि दखनीतील सिगडी व मराठी शेगडी ही रूपे शकटीवरून आली, हे मत सर्वाधिक मान्य आहे. मात्र त्यात पहिल्या स्वराची अडचण आहे. गुजरातीने ‘अ’ राखला, हिंदी-दखनीत ‘इ’ आला, मराठीत ‘ए’. मराठी शब्दातील ‘श’ पाहून तो संस्कृतातूनच जसाच्या तसा टिकला असे वाटते, पण ते खरे नव्हे. प्राकृतात श, ष, स हे तिन्ही एका ‘स’मध्ये मिसळले आणि मराठीत इ-ए या स्वरांपूर्वी त्या ‘स’चा पुन्हा ‘श’ झाला. म्हणून सीवनचे शिवण झाले, मुळात ‘श’ नसतानाही. त्यामुळे शेगडीच्या आधी सेगडी किंवा सिगडी असे रूप गृहीत धरावे लागते, आणि ‘अ’चा ‘ए’ का झाला हा प्रश्न मागे उरतो. शेकणे, शेक, शेकोटी हे शब्द जवळच नांदत असल्यामुळे त्यांच्या ओढीने स्वर बदलला असावा, ही शक्यता जास्त पटते. शेगडी हा शब्द थेट ‘शेक’वरून काढणे ही मात्र लोकव्युत्पत्ती होय, तशाने मधल्या ‘ग’चा आणि भाऊबंद भाषांतील रूपांचा उलगडा होत नाही.

आगटी या शब्दाचा वादही येथेच नोंदवणे सोयीचे. आग या शब्दाला ‘टी’ हा लघुत्वदर्शक प्रत्यय लागून आगटी झाली, हे एक मत. दुसऱ्या मतानुसार ती संस्कृत अग्निष्ठिकेवरून आली. हिंदी अंगीठीही तिथूनच आली. जुन्या मराठीतील आगिठे हे रूप ‘ठ’ राखून आहे, म्हणून दुसरे मत अधिक बळकट वाटते. अर्थाच्या दृष्टीने मराठवाड्यात फरक स्पष्ट आहे. आगटी म्हणजे शेतात हुरडा भाजण्यासाठी केलेला गोवऱ्यांच्या विस्तवाचा खळगा. ती रानात असते, घरात नसते. शेकोटी उघड्यावर, पऱ्हाट्या-तुराट्या पेटवून चारचौघांनी बसण्याची. शेगडी मात्र उचलून हलवता येते आणि छपराखाली चालते. सोनाराच्या शेगडीला बागेसरी असे स्वतंत्र नाव आहे. लोहाराला वेगळ्या शेगडीची गरज पडत नाही, त्याची भट्टीच सबंध जागा तापवते.

काळ : भुसा जाळण्याची कल्पना जुनी असली तरी डब्यातील ही शेगडी फार मागे नेता येत नाही. तिला दोन गोष्टी लागतात : पोत्यांनी मिळणारा भुसा आणि पत्र्याचा डबा. दोघांनी ओढायच्या आऱ्याने किंवा करवतीने कापताना पडणारा भुसा थोडा असतो; तो मुबलक झाला यंत्रावर चालणाऱ्या आरागिरण्या आल्यावर. रॉकेलचे डबेही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आयात तेलाबरोबर भारतात पसरले. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडमार्गे हैदराबादकडे जाणारा निजामाच्या राज्यातील लोहमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला. वखारी, डबे आणि गिरण्या या पट्ट्यात रेल्वेच्या पाठोपाठ वाढल्या असे धरल्यास येथील भुशाच्या शेगडीचा काळ विसाव्या शतकाचा पूर्वार्ध ठरतो. अशाच शेगड्या भारताच्या अन्य भागांत आणि परदेशांतही वापरात होत्या, त्यामुळे ती मराठवाड्याचीच उपज असल्याचा दावा धरण्यात अर्थ नाही. किनवट-माहूर भागातील सागाच्या जंगलांमुळे चांगल्या भुशाची सोय मात्र येथे जवळ होती.

थंडी आणि छप्पर : मराठवाड्याला लोक उन्हाळ्यावरून ओळखतात. तरीही मार्गशीर्ष-पौषात, येळवस (वेळा अमावस्या) ते संक्रांत या दिवसांत, निरभ्र आकाश, कोरडी हवा आणि उत्तरेकडचा वारा एकत्र आले की रात्रीचे तापमान झपाट्याने उतरते. परभणीच्या कृषी विद्यापीठात २०१८ च्या डिसेंबरअखेर सुमारे २ अंश सेल्सिअस इतके किमान तापमान नोंदले गेले. सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली जाऊन सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी घटले तर भारतीय हवामान विभाग थंडीची लाट मानतो, आणि ४ अंशांखाली उतरल्यास सरासरी न पाहताही मानतो. दुपारी पारा पुन्हा पंचविशीच्या पुढे जातो. म्हणजे कामाच्या शेडला ऊब लागते ती पहाटेपासून नऊ-दहापर्यंत, आणि पुन्हा दिवेलागणीनंतर.

जुन्या घरात हा प्रश्न एवढा जाणवत नसे. माळवदाच्या घरात सागाच्या किंवा बाभळीच्या तुळयांवर फळ्या, त्यांवर फूटभर किंवा त्याहून जाड पांढऱ्या मातीचा थर, आणि खाली दगड-मातीच्या हातभर रुंद भिंती. दिवसा शोषलेली उष्णता हे बांधकाम रात्रभर हळूहळू सोडत राही. सुताराचा ओटा अशाच घराच्या ढाळजेत किंवा पडवीत असे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतील याच जड भिंती आणि माळवदे अंगावर कोसळली. त्यानंतर माळवदाची धास्ती बसली आणि हलका पत्रा सुरक्षित ठरला. भूकंपाच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण पत्रा उष्णता साठवत नाही. रात्री उघड्या आकाशाकडे ती फेकतो आणि पहाटे त्याच्या आतल्या अंगाला दव धरते. गावोगावच्या घरगुती शेडांचा गारठा हा बराचसा या बदलातून आला आहे. आकडेवारीत तो कुठे दिसत नाही.

ढोबळ हिशेब असा. दहा बाय बारा फुटांचे, आठ फूट उंच, चारही बाजूंनी आणि वरून पत्र्याचे शेड घेतल्यास पत्र्याचे क्षेत्रफळ सुमारे ४४ चौरस मीटर भरते. एकेरी पत्र्यातून आतल्या-बाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असता दर चौरस मीटरला सुमारे ६ वॅट उष्णता निघून जाते. म्हणजे आतले तापमान बाहेरच्यापेक्षा ८ अंश वर ठेवायचे तर २,००० वॅटहून अधिक उष्णता सतत लागते, आणि शटरखालच्या फटीतून शिरणारा वारा यात धरलेलाच नाही. भिंती नऊ इंची विटांच्या आणि फक्त छप्पर पत्र्याचे असेल तर हाच आकडा १,२०० वॅटच्या आसपास येतो. पत्र्याखाली थर्माकोल, गोणपाट किंवा कडब्याच्या पेंढ्यांचा थर घातल्यास त्याहून कमी. जाणते कारागीर आधी फट बुजवतात आणि शेगडीचा विचार नंतर करतात, यामागे हेच गणित आहे.

रचना आणि ज्वलन : पंधरा किलो तेलाचा रिकामा डबा किंवा रंगाची मोठी बादली घेतात. तळाशी एका बाजूला मूठभर आकाराचे भोक पाडतात. त्या भोकातून आडवा दांडा आणि डब्याच्या मध्यभागी उभी बाटली किंवा वेळूचा तुकडा ठेवून भोवती भुसा थोडा थोडा टाकत मुसळीने ठासतात. मग बाटली फिरवत वर ओढतात, दांडा काढून घेतात. डब्यात इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखा बोगदा तयार होतो. खालच्या भोकातून चिंधी किंवा रंध्याचा कीस पेटवून सरकवला की पोकळीच्या आतल्या भिंतीला आग लागते. तापलेल्या भुशातून निघणारे वायू पोकळीच्या तोंडाशी ज्योतीने जळतात, हवा खालून ओढली जाते आणि पोकळी बाहेरच्या दिशेने रुंदावत जाते. पोकळी रुंदावेल तसा जळणारा पृष्ठभाग वाढतो, म्हणून ही शेगडी सुरुवातीला मंद, मध्ये जोमदार आणि शेवटी राखेत मंदावलेली अशी चालते. खालचे भोक विटेच्या तुकड्याने कमी-जास्त झाकून तिचा जोर आवरता येतो.

कस लागतो तो ठासण्यात. भुसा सैल राहिला तर पोकळी ढासळते आणि शेगडी नुसती धुरावते. फार ठासला तर आग आत शिरत नाही. ओला भुसा दोन दिवस उन्हात पसरल्याशिवाय चालत नाही. सागाचा भुसा उत्तम मानतात, बाभळीचाही चालतो. कडुनिंबाचा धूर कडवट असल्याने बंद जागेत टाळतात.

अशा डब्यात साधारण चार किलो भुसा मावतो. वाळल्या भुशाचा उष्मांक किलोला सुमारे ४,००० किलोकॅलरी धरला तर एका डब्यात १६,००० किलोकॅलरी, म्हणजे विजेच्या साडेअठरा युनिटांएवढी उष्णता असते. ती सहा तासांत जळाली तर सरासरी तीन किलोवॅट होतात. वरचा हिशेब पाहता शेड तापवायला हे पुरेसे दिसते. पण धूर बाहेर जाण्यासाठी दार-खिडकी उघडी ठेवावी लागते आणि बरीचशी उष्णता तिथूनच जाते. त्यामुळे या शेगडीने शेड तापते असे म्हणण्यापेक्षा हात शेकतात आणि सरस पातळ राहतो असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

सरसाची गोष्ट महत्त्वाची आहे. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस पाण्यात भिजवून, भांड्यात भांडे ठेवून सुमारे ६० अंशांवर तापवतात. गार झाला की तो थिजतो आणि हिवाळ्यात तर ब्रशवरच थिजतो. पांढरा डिंक, ज्याला सगळे फेव्हिकॉलच म्हणतात, आल्यावर शेगडीची ही गरज संपली असे मानले गेले. तसे झाले नाही. हा डिंक १० अंशांच्या आसपास किंवा त्याखाली नीट न जुळता खडूसारखा पांढरा वाळू शकतो आणि सांधा कच्चा राहतो. चपडीचे (लाखेचे) पॉलिशही दमट गारव्यात पांढरट पडते.

इतर साधने : विजेचे हीटर १,००० ते २,००० वॅटचे असतात. २,००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपियर ओढतो, म्हणून तो साध्या ६ अँपियरच्या सॉकेटवर लावणे चूक. त्याला १६ अँपियरचे लागते. रिवायंडिंगवाले गुंडाळीचे वार्निश वाळवण्यासाठी पेटीत १०० किंवा २०० वॅटचा तारेचा बल्ब लावतात. रब्बीच्या पाण्यासाठी पंप रात्री चालतात, मोटारी जळतात, त्यामुळे हा धंदा थंडीतच भरात असतो आणि ती पेटी हीच त्या शेडची शेगडी होते. लोणारी कोळशाची शेगडी धूर कमी करते.

धोके : धूर नाही म्हणजे धोका नाही, हा समज कोळशाच्या आणि धुमसत्या भुशाच्या बाबतीत घातक आहे. अपुऱ्या हवेत जळताना निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट जुळतो. डोके दुखणे, मळमळणे, पाय जड होणे ही पहिली लक्षणे, आणि थंडीतला शीण समजून त्यांकडे दुर्लक्ष होते. शटर पूर्ण लावून शेगडीशेजारी झोपणे म्हणूनच टाळावे लागते. दुचाकी दुरुस्तीच्या जागी आणखी एक गोष्ट आहे. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते, ती जमिनीलगत साचते आणि कडाक्याच्या थंडीतही पेट घेऊ शकते. फरशीवर ठेवलेली शेगडी नेमकी त्याच उंचीवर जळत असते. थिनरचे डबे आणि हवेत उडणारा बारीक भुसा हेही आगीला तेवढेच जवळचे.

सद्यस्थिती : भुशाला आता भाव आला आहे. त्याच्या दाबून केलेल्या कांड्या, म्हणजे ‘पांढरा कोळसा’, कारखान्यांच्या बॉयलरांत जातात. उरलेला कोंबड्यांच्या शेडात अंथरायला. त्याहून मोठा बदल लाकडातच झाला. शहरांतील सुताराच्या शेडात सागाऐवजी प्लायवुड आणि एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी) कापले जाते. त्यांचा भुसा रेझिनयुक्त असतो, त्याचा धूर डोळ्यांना झोंबतो आणि फॉर्मल्डिहाइडसारखे विषारी वायू सोडतो, त्यामुळे तो शेगडीत चालत नाही. लाकूड कापणाऱ्या वखारीजवळच्या शेडांतच भुशाची शेगडी आज प्रामुख्याने दिसते.