सामाजिकीकरणाचा धडा बाराव्या वर्षापासून

१८७५ च्या मे महिन्यात बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंनी कवळाण्याच्या गोपाळला दत्तक घेतले, तेव्हा तो बारा वर्षांचा होता. नाशिक जिल्ह्यातल्या शेतकरी घरातला मुलगा, शिक्षण जवळजवळ नाहीच. पुढे मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी, तालीम, घोडेस्वारी. शिक्षक इलियट, आणि दिवाण टी. माधवरावांची राज्यकारभारावरची व्याख्याने. २८ डिसेंबर १८८१ रोजी याच गोपाळने, म्हणजे सयाजीराव गायकवाडांनी, कारभार हाती घेतला. बडोद्यात अकरावीला सामाजिकीकरण, म्हणजे समाजात राहून त्याच्या रीतिभाती शिकत माणूस घडण्याची प्रक्रिया, शिकवताना सुरुवात इथूनच करावी. माणूस पाळण्यातच घडून संपतो, हा मुलांचा समज पहिल्याच तासाला हलतो.

सयाजीरावांनी पुढे हीच घडण राज्यभर नेली. सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेली भागात सुरू झाले आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात. मुलीचा दिवस कोणाच्या सहवासात जायचा, हे या सक्तीने बदलले.

सिद्धान्त आले ते नंतर. लोक आपल्याला कसे पाहत असतील या अंदाजावर आपली स्वतःबद्दलची कल्पना उभी राहते, असे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ कूली यांनी १९०२ मध्ये मांडले. अमेरिकी विचारवंत मीड यांची व्याख्याने त्यांच्या मृत्यूनंतर, १९३४ मध्ये पुस्तकरूपात आली. त्यांचा मुद्दा आपल्या खेळांतून सांगता येतो. भातुकलीत मूल एका वेळी एकच भूमिका घेते; खो-खोत पाठलाग करणाऱ्याला मात्र बसलेले आठही गडी आणि नियम एकदमच मनात धरावे लागतात. समाज मनात उतरतो तो असा. मैदानावर पाच मिनिटे खेळवले तर हे मुलांना लगेच कळते.

पुराव्यात मात्र काटेकोर राहायला हवे. मिदनापूरच्या ‘लांडग्यांनी वाढवलेल्या’ मुलींची गोष्ट मुख्यतः एका मिशनऱ्याच्या रोजनिशीवर उभी आहे, ती वगळावी. त्याऐवजी समाजशास्त्रज्ञ किंग्जली डेव्हिस यांनी नोंदवलेली इझाबेल घ्यावी. मूकबधिर आईसोबत कोंडलेली ही मुलगी साडेसहाव्या वर्षी सापडली तेव्हा तिला बोलता येत नव्हते. पद्धतशीर शिकवणीनंतर सुमारे दोन वर्षांत ती आपल्या वयाच्या मुलांच्या बरोबरीला आली.

माणूस म्हणजे ओल्या मातीचा गोळा नव्हे, हा आक्षेप समाजशास्त्रज्ञ डेनिस राँग यांनी १९६१ मध्ये घेतला. मूल आईवडिलांपेक्षा सवंगड्यांमुळे अधिक घडते, असे मानसशास्त्रावर लिहिणाऱ्या ज्युडिथ हॅरिस यांनी १९९५ मध्ये मांडले. त्यावरचा वाद मिटलेला नाही, म्हणून तो मुलांपुढे वाद म्हणूनच ठेवावा. पंधरा-सोळाव्या वर्षी तो त्यांच्या घरात रोज चाललेला असतो.

सरावासाठी कागदावर तीन रकाने: कोणती सवय, कोणाकडून, सांगून की बघून. दहा मिनिटे पुरतात. बहुतेक जण ‘आईवडिलांनी सांगितले’ लिहून मोकळे होतात, कारण बघून उचललेली सवय सवय वाटतच नाही. तेव्हा नेमके विचारावे: आजीशी मराठीत बोलता, मग दांडिया बाजारात भाव करताना गुजराती आपोआप का येते, आणि ती कोणी शिकवली? कागद मोठ्याने वाचायला लावू नयेत. घरातली भांडणे, जात, पैसा हे सगळे त्यात उतरते, आणि एकदा वर्ग हसला की पुढच्या तासाला मुले खरे लिहीत नाहीत.