दोन कार्बोरेटर, एका वेळी एकच घोट

पाऊस सरला की मुंबई-गोवा महामार्गावरून गोव्याकडे निघालेले मोठ्या बाइकांचे ताफे कणकवली-कुडाळात चहाला थांबतात. त्यात एखादी हौसेने बांधलेली गाडी असते: दोन बुलेटची सिलिंडरं एकाच क्रँककेसवर इंग्रजी ‘व्ही’सारखी बसवलेली, आणि बाजूला दोन कार्बोरेटर. घोळका जमतो आणि त्यातला एकजण हमखास म्हणतो, “दोन कारबोरेटर लावल्यार गाडी डबल पळतली नि डबल पितली!” यातलं ‘पळतली’ही चूक आणि ‘पितली’ही चूक.

शाळेतलं थोडं आठवू. फोर स्ट्रोक इंजिनाचा एक फेरा म्हणजे क्रँकचे दोन वेढे, ७२० अंश. त्यात प्रत्येक सिलिंडर हवा एकदाच आत घेतो. कार्बोरेटर म्हणजे त्या हवेच्या वाटेवरचा अरुंद गळा. गळ्यात हवेचा वेग वाढतो, वेग वाढला की दाब उतरतो (डॅनियल बर्नुलीने हे १७३८ साली मांडलं), आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल जेटमधून, म्हणजे मापाच्या बारीक भोकातून, वर येतं. पेट्रोल वर ढकलणारा दाब असतो वाटीवरच्या साध्या हवेचा. गळ्यातला दाब किती उतरेल हे वेगाच्या वर्गावर ठरतं. हा ‘वर्ग’ ध्यानात ठेवा, पुढे सगळा घोळ तोच घालतो.

आता व्ही-ट्विनकडे, म्हणजे ‘व्ही’सारख्या दोन सिलिंडरांच्या इंजिनाकडे. हार्लेच्या ४५ अंशांच्या इंजिनात दोन्ही कनेक्टिंग रॉड एकाच क्रँकपिनवर असतात, म्हणून दोन स्फोटांमधलं अंतर एकदा ३१५ अंश, एकदा ४०५ अंश. तीच रचना ५५ अंशांत केली तर ३०५ आणि ४१५. हवा आत घेणारा इनटेक व्हॉल्व उघडा राहतो समजा २६० अंश. म्हणजे पहिल्याचा व्हॉल्व बंद झाल्याशिवाय दुसऱ्याचा उघडतच नाही. शहाळ्यात दोन स्ट्रॉ घातल्या पण दोघं आळीपाळीनेच पिणार असतील, तर दुसऱ्या स्ट्रॉने कुणाच्याही घोटात वाढ होत नाही, इथेही तसंच. दोघांना मिळून एकच ३४ मिलिमीटरचा कार्ब असला, तरी ज्याची पाळी आहे त्या सिलिंडरला अख्खा ३४ चा गळा मिळतो. आणि पेट्रोल किती जळेल हे आत गेलेल्या हवेवर ठरतं, डोळ्यांना दिसणाऱ्या कार्बच्या संख्येवर नाही.

मग दुसरा कार्ब कशाला? कारण सामाईक गळ्यात आधीच्या घोटाचं उष्टं उरतं.

त्या ५५ अंशांच्या इंजिनात एक व्हॉल्व बंद झाला की पुढचा उघडेपर्यंत मॅनिफोल्डला (कार्ब आणि सिलिंडर जोडणाऱ्या नळीला) उसंत मिळते ती एकदा ४५ अंशांची, एकदा १५५ अंशांची. शिवाय इनटेक व्हॉल्व पिस्टन तळाला पोचल्यावर लगेच मिटत नाही, मुद्दाम उशिरा मिटतो. वेगात असताना हवेचा लोट जडत्वाने आत शिरतच राहतो आणि फायदा होतो. पण कमी आरपीएमला लोटात तेवढा जोर नसतो. वर येणारा पिस्टन आलेलं मिश्रण परत मॅनिफोल्डमध्ये ढकलतो. ही उलटी झुळूक कार्बच्या गळ्यातून बाहेर येते, आणि इथे तो ‘वर्ग’ आडवा येतो. वेग उणे असो की अधिक, वर्ग अधिकच. कार्बला दिशा कळत नाही. हवा आत जाताना त्याने पेट्रोल सोडलं, तीच हवा बाहेर येताना पुन्हा सोडलं, परत आत जाताना तिसऱ्यांदा. एअर फिल्टर काढून तसं इंजिन जरा वाढवून पाहिलं, तर कार्बच्या तोंडासमोर दोन-तीन बोटांवर पेट्रोलचं धुकं तरंगताना दिसतं. ते पुढे जात नाही, पडतही नाही, जागच्या जागी थरथरतं.

एका कार्बच्या गाडीत हे तीनदा पेट्रोल प्यायलेलं मिश्रण कुणाच्या वाट्याला येतं? ४५ अंशांनी ज्याची पाळी येते त्याच्या. दुसऱ्याची पाळी १५५ अंशांनी, तोवर मॅनिफोल्डमधलं वातावरण पालटलेलं. शिवाय दाबाच्या लाटा नळीत मागेपुढे आपटत असतात, त्यामुळे दोघांतला फरक आरपीएमनुसार बदलत राहतो. दोन्ही प्लग काढून कागदावर शेजारी ठेवले तर एक काजळीने मखमली काळा, दुसऱ्याचं पोर्सिलेन पांढरट, कोरडं: एकाला पेट्रोल जास्त, दुसऱ्याला कमी. जेट एकच, त्यामुळे एकाला बरं केलं की दुसरा आजारी. दोन कार्ब, दोन वेगळ्या वाटा म्हणजे हे भांडण मिटवणं. उलटी झुळूक तरीही येते, पण ज्याची त्याला परत मिळते आणि ज्याच्या त्याच्या जेटने दुरुस्त करता येते.

मापाचा हिशेब यातूनच निघतो. दोन कार्ब म्हणून प्रत्येक अर्ध्या मापाचा चालणार नाही. प्रत्येकाने एका पूर्ण सिलिंडरचं पोट भरायचं आहे. ५०० सीसीचा सिलिंडर ५००० आरपीएमला ६ मिलिसेकंदांत भरतो. २८ मिमीच्या गळ्यात (जुन्या बुलेट ५०० वर हेच माप असे) हवेचा सरासरी वेग येतो सेकंदाला सुमारे १३५ मीटर, ३४ मध्ये ९२, ४० मध्ये ६६. वाटलं ना, ४० घ्यावा? आता १५०० आरपीएमला एकदम मूठ पिळा. २८ मध्ये वेग ४१, ४० मध्ये २०. वेग निम्मा म्हणजे दाबातला उतार चौथाई. २८ चा कार्ब पेट्रोलचा स्तंभ सुमारे १३ सेंटिमीटर उचलू शकेल इतका दाब उतरवतो, ४० चा जेमतेम ३. त्यातले काही मिलिमीटर पेट्रोलला नोझलपर्यंत चढण्यातच खर्ची पडतात. गाडी ‘खॅक’ करते आणि गप्प बसते. रेसिंगचे भलेमोठे कार्ब विकणारे हा आकडा सांगत नाहीत.

रस्त्यावरच्या गाडीला माझं मत ३० ते ३४ च्या सीव्ही (कॉन्स्टंट व्हेलॉसिटी) कार्बला. त्यात स्लाइड, म्हणजे गळा उघडणारी-मिटणारी सरकती झडप, तुमच्या केबलने उचलली जात नाही. रबरी पडद्यावरच्या दाबाच्या फरकाने ती इंजिन मागेल तेवढीच उठते. मूठ कितीही पिळा, गळा स्वतःहून अरुंद राहतो. साधा स्लाइडचा कार्ब स्वस्त, सुटसुटीत, पण हात सांभाळून वापरायचा.

बसवण्यातलं बरंचसं काम लेथवाल्याचं. मॅनिफोल्ड शक्य तितका सरळ आणि दोन्हीकडे सारख्या लांबीचा, मध्ये रबरी जोड हवाच, नाहीतर इंजिनाच्या थरथरीने वाटीतल्या पेट्रोलला फेस येतो. वाटी उभी राहिली पाहिजे आणि गुडघ्याला कार्ब लागता कामा नये. बदललेलं इंजिन आरटीओच्या मंजुरीशिवाय रस्त्यावर आणता येत नाही, हे गाडी बांधून झाल्यावर आठवण्यात अर्थ नाही.

खरी मजा दोघांचा ताल जुळवण्यात. साधे स्लाइडचे कार्ब असतील तर आधी दोन्ही स्लाइडखाली एकाच मापाचं ड्रिल बिट सरकवून दोन्ही सारख्या उचलल्या जातात का ते पाहायचं. मग गवंडी लेव्हल काढायला वापरतो ती पारदर्शक नळी घ्यायची, ‘यू’ आकारात फळीवर बांधायची, तळाशी टू-टी ऑइल (टू स्ट्रोक गाड्यांत पेट्रोलमध्ये मिसळतात ते) भरायचं आणि दोन टोकं दोन मॅनिफोल्डच्या निपलना लावायची. ज्या बाजूला तेल चढेल तिथे निर्वात जास्त, म्हणजे तिथला गळा जास्त मिटलेला. एका सेंटिमीटरचा फरक म्हणजे सुमारे ८५ पास्कल, वातावरणाच्या दाबाचा हजारावा भागही नाही. इतकं बारीक मोजणारं यंत्र हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळतं. मात्र एक-एक सिलिंडर स्वतंत्र असल्याने तेल दणादण नाचतं. नळीच्या दोन्ही टोकांत जुने पायलट जेट (आयडलचे बारीक जेट) बसवले की शांत होतं. फरक फार असेल तर इंजिन सगळं तेल पिऊन टाकेल आणि वाडीभर धूर करेल, पण बिघडणार काही नाही. म्हणूनच पाणी नाही, टू-टी. आयडलला जुळलं म्हणून थांबू नका. मूठ जरा उघडताच दोन्ही कार्ब एकदम उघडू लागले पाहिजेत, केबलचा ढिलेपणा तिथे कळतो.

एवढी मेहनत टाळायला लोक पेट्रोलच्या नळीवर चुंबक बांधतात, टाकीत डांबरगोळी टाकतात. चुंबकाला पेट्रोलचं काही देणंघेणं नाही. डांबरगोळी विरघळते, पण वाटीतलं पेट्रोल उडून गेलं की तिचा साका जेटमध्ये बसतो. हँडलला लिंबू-मिरची बांधलेली परवडली, ती निदान जेटमध्ये जात नाही.

कोकणात जेट ठरवताना आणखी तीन गोष्टी आडव्या येतात. पहिली, ई-२०. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, २० टक्के इथेनॉल मिसळलं की साधारण १३.५ पट. इंजेक्शनच्या गाडीतला सेन्सर हे सावरून घेतो. कार्बला पत्ताच नसतो, म्हणून मिश्रण आठ-नऊ टक्के पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) होऊन इंजिन तापतं. मेन जेट १०० चा असेल तर १०७.५ पासून (नंबर मोठा तसं भोक मोठं) सुरुवात करून प्लग बघावा. मागचा सिलिंडर पुढच्याच्या आडोशाला असल्याने जास्त तापतो, त्याला आणखी एक नंबर वर लागू शकतो. दुसरी, जुलैची दमट हवा: ३० अंशांना ८५ टक्के आर्द्रता असेल तर हवेतला साडेतीन टक्के वाटा पाण्याच्या वाफेचा, तेवढा ऑक्सिजन कमी. तिसरी, घाट. हवा विरळ झाली की मिश्रण घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात दाट होतं. सावंतवाडीहून आंबोलीला, सुमारे ६९० मीटरवर चढलात तर घनता सहा टक्क्यांनी उतरते आणि मिश्रण तीन टक्क्यांनीच बदलतं. त्यासाठी जेट बदलू नका.

पावसाळ्यात गाडी महिनोन्महिने पडवीत उभी राहणार असेल तर गोष्ट वेगळी. इथेनॉल हवेतली ओल पितं, पाणी पुरेसं झालं की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन वाटीच्या तळाशी बसतात, नेमके जेट असतात तिथे. सप्टेंबरात वाटी उघडली की पांढरी भुकटी दिसते ती धातूची झीज. जूनमध्ये पेट्रोलचा कॉक बंद करून दोन्ही वाट्यांचे ड्रेन स्क्रू सोडायला पाच मिनिटं लागतात. दोन्ही वाट्यांचे, एकच रिकामी करून विसरणारे बरेच असतात.