टोकियोच्या पोटातले लाकडी नळ

१८६७ मध्ये मुत्सुहितो, म्हणजेच सम्राट मेइजी, जपानच्या गादीवर आला तेव्हा तो जेमतेम १४ वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी एदो शहराचं नाव टोकियो झालं आणि त्याचा दरबार क्योतोहून तिकडे निघाला. १८७२ मध्ये शिंबाशी ते योकोहामा रेल्वे धावली. त्याच वर्षी आगीत जळालेल्या टोकियोच्या गिंझा भागात विटांच्या इमारती उभ्या राहू लागल्या. मेइजी काळाचं कौतुक बहुधा इथेच थांबतं. मला या राजधानीची खरी झेप तिच्या पिण्याच्या पाण्यात दिसते.

एदोला पाणी पुरवणारा तामागावा कालवा १६५३ चा. हामुरापासून योत्सुयापर्यंत सुमारे ४३ किलोमीटर अंतरात उतार फक्त ९२ मीटरच्या आसपास, म्हणजे किलोमीटरला दोन मीटर! पंपाशिवाय, निव्वळ उतारावर पाणी आणण्याची ही करामत थक्क करणारी आहे. शहरात ते लाकडी नळांतून उथळ विहिरींत पोचे आणि लोक तिथून शेंदून घेत. पण लाकूड कुजतं, सांधे सुटतात आणि आजूबाजूची घाण आत शिरते. १८८६ च्या पटकीनं जपानभर एक लाखाहून अधिक बळी घेतले. जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखनं पटकीचा जंतू कोलकात्यात वेगळा करून दाखवल्याला तेव्हा दोनच वर्षं झाली होती.

उत्तर मिळालं टोकियोतल्या योदोबाशीच्या जलशुद्धीकरण केंद्रात. तिथून १८९८ मध्ये पाणी सुरू झालं. पाणी आलं त्याच जुन्या कालव्यातून, पण ते आता वाळूतून संथपणे, दिवसाला काही मीटर इतक्याच वेगानं झिरपत होतं. अशा वाळूवर थोड्याच दिवसांत शेवाळ, जिवाणू आणि इतर सूक्ष्मजीवांचा बुळबुळीत पापुद्रा धरतो. रोगजंतू त्यात अडकतात, तिथले जीव त्यांना खाऊन टाकतात. गाळण्याचं निम्मंअधिक काम वाळूपेक्षा हा जिवंत थरच करतो. तो फार जाड झाला की पाणी अडतं. मग टाकी रिकामी करून वरची बोटभर वाळू खरवडायची, की काम पुन्हा सुरू.

गाळलेलं पाणी लोखंडी नळांतून दाबानं वाहू लागलं. आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असला, की सांधा गळला तरी पाणी बाहेर जातं, घाण आत येत नाही. लाकडी नळांना हे संरक्षण नव्हतं. शहराची जुनी पाणीव्यवस्था १९०१ मध्ये बंद झाली. सम्राटाच्या कारकिर्दीची अजून अकरा वर्षं उरली होती.