अमेरिकेच्या अध्यक्षांकडे माफीचा अर्ज: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज नेमका अडतो कुठे

अमेरिकेच्या राज्यघटनेतील दुसऱ्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या कलमात अध्यक्षांचे बरेचसे अधिकार एकत्र सापडतात. सेनादलांचे सर्वोच्च नेतृत्व तेथे आहे, तह करण्याचा अधिकार आहे, न्यायाधीश आणि राजदूत नेमण्याचा अधिकार आहे. तहाला सिनेटच्या उपस्थित सदस्यांपैकी दोन तृतीयांशांची संमती लागते आणि नेमणुकांनाही सिनेटची मंजुरी लागते. मात्र त्याच कलमातील माफीच्या अधिकाराला कोणाचीही मंजुरी लागत नाही. देशाविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी अध्यक्ष शिक्षा तहकूब करू शकतात किंवा माफी देऊ शकतात, आणि महाभियोग हा त्याला घातलेला एकमेव स्पष्ट अपवाद आहे. आपल्याकडे अनुच्छेद 72 खाली राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच दयेच्या अर्जावर निर्णय घेतात. अमेरिकेत हा निर्णय अध्यक्षांचा स्वतःचा असतो.

अधिकार इतका मोकळा असल्यामुळे अर्जदारांची पहिली फसगत होते. व्हाइट हाउसला कळकळीचे पत्र लिहिले की काम होईल, असा समज करून घेतला जातो. प्रत्यक्षात नेहमीच्या मार्गाने येणारा प्रत्येक अर्ज न्याय खात्यातील पार्डन अॅटर्नी या कार्यालयात दाखल करावा लागतो, तेथून शिफारशीसह तो डेप्युटी अॅटर्नी जनरल यांच्याकडे, मग व्हाइट हाउसच्या कायदा सल्लागारांकडे आणि शेवटी अध्यक्षांसमोर जातो. अर्जाला शुल्क नाही, वकिलाची सक्ती नाही आणि विहित नमुना कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. एवढ्या कामासाठी हजारो डॉलर मागणारे आणि ‘आमची आत ओळख आहे’ असे सुचवणारे मध्यस्थ भेटतात. त्यांच्यापासून दूर राहावे.

गुन्हा कोणाचा, हे आधी पाहा

सर्वाधिक अर्ज ज्या मुद्द्यावर वाया जातात तो मुद्दा अर्ज भरण्याच्या आधीचा आहे. अध्यक्षांची माफी फक्त फेडरल, म्हणजे केंद्रीय कायद्याखालील गुन्ह्यांना लागू होते. राज्याच्या कायद्याखाली शिक्षा झाली असेल, तर अध्यक्षांची इच्छा असूनही त्यांना काही करता येत नाही. दारू पिऊन गाडी चालवणे, दुकानातील किरकोळ चोरी, घरगुती वादातून झालेली मारहाण, अशी जी प्रकरणे नोकरीनिमित्त तेथे गेलेल्या आपल्या लोकांवर प्रामुख्याने येतात, ती जवळजवळ सगळी राज्याच्या न्यायालयात चालतात. त्यांची माफी त्या राज्याच्या गव्हर्नरकडे किंवा माफीच्या अर्जांसाठी नेमलेल्या मंडळाकडे मागावी लागते, आणि तेथेही प्रत्येक राज्याची तऱ्हा वेगळी आहे: जॉर्जियात माफी मंडळच देते, टेक्सासमध्ये मंडळाच्या शिफारशीशिवाय गव्हर्नरांना माफी देता येत नाही.

आपले प्रकरण कोणत्या प्रकारचे हे ओळखण्यासाठी निकालपत्राचा मथळा वाचावा. तेथे ‘युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका विरुद्ध’ असे असेल तर प्रकरण फेडरल आहे. ‘स्टेट ऑफ’, ‘पीपल ऑफ द स्टेट ऑफ’ किंवा ‘कॉमनवेल्थ ऑफ’ असे असेल तर ते राज्याचे आहे. न्यायालयाच्या नावावर विसंबू नये, कारण ‘डिस्ट्रिक्ट कोर्ट’ हे नाव फेडरल न्यायालयांना आहे तसेच टेक्सासच्या राज्य न्यायालयांनाही आहे, आणि या एका साम्यापायी लोकांनी संपूर्ण अर्ज भरून पाठवलेले आहेत. राजधानी वॉशिंग्टनच्या स्थानिक कायद्याखालील गुन्हे मात्र अध्यक्षांच्या कक्षेत येतात. लष्करी न्यायालयाने दिलेली शिक्षाही त्यांच्या कक्षेत येते. फक्त तो अर्ज संबंधित सेनादलाच्या सचिवांकडे द्यावा लागतो.

सरसकट माफीची बातमी आली की हाच घोटाळा मोठ्या प्रमाणावर होतो. ऑक्टोबर 2022 मध्ये अध्यक्ष बायडन यांनी केवळ स्वतःजवळ गांजा बाळगल्याच्या गुन्ह्याला जाहीरनाम्याने माफी दिली आणि डिसेंबर 2023 मध्ये तिची व्याप्ती वाढवली. ती माफी फेडरल कायद्याखालील आणि राजधानीतील गुन्ह्यांपुरती होती, आणि तीही अमेरिकी नागरिक व ग्रीन कार्डधारकांसाठी. एच-1बी व्हिसावरील माणूस तीत बसत नव्हता. ज्यांना राज्याच्या पोलिसांनी पकडले होते, त्यांनाही तिचा उपयोग नव्हता. बातमीच्या मथळ्यात यातले काहीच नव्हते.

पाच वर्षे कोठून मोजायची

शिक्षा भोगून झाल्यानंतरच्या माफीसाठी पाच वर्षे थांबावे लागते. नियम एका वाक्याचा आहे, तरी तो दोन्ही बाजूंनी चुकीचा वाचला जातो. काही जण अटकेच्या किंवा निकालाच्या तारखेपासून मोजतात आणि त्यांचा अर्ज मुदतपूर्व ठरतो. काही जण तुरुंगानंतरची देखरेखीची मुदत संपल्यापासून मोजतात आणि विनाकारण दोन-तीन वर्षे गमावतात. योग्य हिशोब असा: कैद झाली असेल तर बंदिवासातून सुटल्याच्या दिवसापासून, आणि कोणत्याही स्वरूपाची कैद झालीच नसेल तर शिक्षा सुनावल्याच्या दिवसापासून. सुधारगृहातील वास्तव्य आणि घरातील स्थानबद्धता यांचीही बंदिवासातच गणना होते, त्यामुळे तुरुंगाच्या फाटकातून बाहेर पडल्याची तारीख ही दरवेळी सुटकेची तारीख नसते. या पाच वर्षांतच देखरेखीचा काळ चालू राहू शकतो, परंतु तो संपल्याशिवाय सहसा अर्ज करता येत नाही. पाच वर्षांची अट शिथिल करण्याची लेखी विनंती अर्जासोबत जोडता येते, पण ती क्वचितच मान्य होते, हे धरून चालावे.

वर्तमानपत्र वाचणारा येथे हमखास एक प्रश्न विचारतो. मुंबईत जन्मलेले, मूळच्या गोव्याच्या कुटुंबातील दिनेश डिसूझा यांना निवडणूक देणगीच्या गैरव्यवहारात सप्टेंबर 2014 मध्ये पाच वर्षांचे प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली राहण्याची शिक्षा, सुनावले गेले होते, आणि अध्यक्ष ट्रम्प यांनी त्यांना 31 मे 2018 रोजी, म्हणजे प्रोबेशन चालू असतानाच, माफी दिली. मग पाच वर्षांची अट गेली कोठे? उत्तर न्याय खात्याच्या नियमावलीतच आहे: हे नियम खात्यातील अधिकाऱ्यांच्या मार्गदर्शनासाठी आहेत, ते अध्यक्षांना बांधत नाहीत आणि अर्जदाराला कोणताही हक्क देत नाहीत. जो नियम अध्यक्षांनी एका सहीने बाजूला ठेवला तोच नियम टपालाने आलेला सामान्य माणसाचा अर्ज परत पाठवायला पुरेसा असतो. हे पटण्यासारखे नाही, परंतु अर्ज भरताना गृहीत धरण्याजोगे हेच आहे.

खटला चालू असताना माफी मागता येईल का, असेही विचारले जाते. राज्यघटनेच्या दृष्टीने येते. सर्वोच्च न्यायालयाने गारलँड खटल्यात, गुन्हा घडल्यानंतर केव्हाही माफी देता येते असे सांगितले आहे, आणि अध्यक्ष फोर्ड यांनी 8 सप्टेंबर 1974 रोजी निक्सन यांना आरोपपत्रही नसताना माफी दिली. कार्यालयाच्या नमुन्यात मात्र शिक्षेचा तपशील भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

सध्या तुरुंगात असलेल्यांसाठी नमुना वेगळा आहे. त्यांनी शिक्षा कमी करण्याचा अर्ज भरावा, माफीचा नव्हे. अपील किंवा न्यायालयीन दाद मागण्याचा अन्य मार्ग शिल्लक असेल तर हा अर्ज सहसा विचारात घेतला जात नाही, आणि मंजूर झाला तरी दोषसिद्धी कायम राहते.

कागदपत्रे

निकालपत्राची प्रत ज्या न्यायालयात खटला चालला तेथील क्लार्कच्या कार्यालयातून मिळते. खटला जुना असेल तर फाइल फेडरल रेकॉर्ड्स सेंटरमध्ये गेलेली असते आणि ती मागवण्यासाठी तिचा स्थान क्रमांक आधी त्याच क्लार्ककडून घ्यावा लागतो. यात आठवडे जातात, म्हणून हे काम सर्वांत आधी हाती घ्यावे.

जो कागद कोणाहीजवळ नसतो तो म्हणजे शिक्षेपूर्वीचा तपास अहवाल. प्रोबेशन अधिकाऱ्याने न्यायाधीशांसाठी तयार केलेल्या या अहवालात गुन्ह्याची हकिकत, नुकसानीची रक्कम, कौटुंबिक पार्श्वभूमी असे सगळे असते. तो गोपनीय असतो आणि फेडरल तुरुंगात कैद्याला त्याची प्रत स्वतःजवळ ठेवू दिली जात नाही. पूर्वीच्या वकिलाकडे तो असण्याची शक्यता असते, तेव्हा प्रथम तेथे विचारावे. न मिळाल्यास अर्ज थांबवून ठेवू नये; जवळ नाही असे स्पष्ट लिहावे, कार्यालय तो स्वतः मिळवू शकते. आपल्या आठवणीतली गुन्ह्याची हकिकत आणि त्या अहवालातली हकिकत यांत तफावत पडली, तर कार्यालय कोणती खरी मानेल हे सांगायला नको.

रक्ताच्या किंवा लग्नाच्या नात्यातील नसलेल्या तीन व्यक्तींचे दाखले लागतात. वरवर सोपी वाटणारी ही अट आपल्या लोकांना फार जड जाते. दाखला देणाऱ्याला गुन्ह्याची माहिती असावी लागते, आणि आपल्याकडे तर वर्षानुवर्षे शेजाऱ्यापासून, कधी कधी सासरच्या माणसांपासूनही ही गोष्ट दडवून ठेवलेली असते. मग कोणीतरी महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्षांकडून ‘अत्यंत सज्जन व मनमिळाऊ’ असे चार ओळींचे पत्र आणतो. त्या पत्रात गुन्ह्याचा उल्लेखही नसल्यामुळे त्याचा काहीच उपयोग होत नाही. शिवाय अर्ज पुढे सरकला तर एफबीआय पार्श्वभूमीची चौकशी करते, मालकाला आणि शेजाऱ्यांना भेटते. माफी मिळाल्यास नाव, गुन्हा आणि शिक्षा सरकारी संकेतस्थळावर प्रसिद्ध होते. ज्यांना काहीही उघड होऊ द्यायचे नाही, त्यांनी या वाटेला लागण्यापूर्वी घरात बोलून घ्यावे.

नमुन्यातील आधीच्या अटका आणि आरोप यांविषयीचा प्रश्न सावकाश वाचावा. तो फक्त शिक्षेविषयी नाही. सोडून दिलेली अटक, रद्द झालेला आरोप, न्यायालयाने नोंद पुसून टाकलेले प्रकरण, अल्पवयात घडलेले प्रकरण, आणि परदेशातील पोलीस कारवाईसुद्धा त्यात येते. पुण्यात वहिनीने केलेल्या तक्रारीत सगळ्या घराचे नाव आले, पुढे तडजोड झाली आणि गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला. अशा माणसाला ‘नाही’ लिहिण्याचा मोह होतो, कारण वकिलाने ‘आता काही राहिले नाही’ असे सांगितलेले असते. ‘होय’ लिहून दोन ओळींत खुलासा करावा आणि रद्द झाल्याच्या आदेशाची प्रत जोडावी. फेडरल सरकारपुढे जाणूनबुजून खोटे विधान करणे हा स्वतंत्र गुन्हा असून त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कर, कर्जे, दिवाळखोरी यांविषयीच्या प्रश्नांनाही हेच लागू आहे.

माफी कशासाठी हवी, या प्रश्नाला निर्दोषपणाचा युक्तिवाद हे उत्तर नव्हे. खटला पुन्हा चालवण्याची ती जागा नाही. जबाबदारी मान्य करावी, भरपाईची रक्कम किती भरली आणि किती बाकी आहे ते लिहावे, आणि गरज ठोस शब्दांत सांगावी: अमुक परवाना अमुक शिक्षेमुळे नाकारला गेला, त्याचे पत्र सोबत जोडले आहे.

माफीने काय होते आणि काय होत नाही

माफीमुळे नोंद पुसली जात नाही. पार्श्वभूमी तपासणीत दोषसिद्धीही दिसते आणि तिच्यापुढे माफीही दिसते. सरकारी तिजोरीत जमा झालेला दंड परत मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1877 मध्येच तसे ठरवले आहे.

ग्रीन कार्डधारकांनी पुढील भाग काळजीपूर्वक वाचावा. इमिग्रेशन कायद्यानुसार नैतिक अधःपतनाचे गुन्हे आणि गंभीर म्हणून वर्गीकृत गुन्हे यांमुळे येणारी हद्दपारी, अध्यक्षांच्या किंवा राज्याच्या गव्हर्नरांच्या पूर्ण आणि बिनशर्त माफीमुळे टळू शकते. अमली पदार्थांचे आणि घरगुती हिंसाचाराचे गुन्हे मात्र वेगळ्या कलमांखाली हद्दपारीस पात्र ठरतात आणि त्या कलमांना ही सवलत नाही. शिक्षा नुसती कमी झाली असेल तर तिचाही येथे उपयोग नाही. त्यामुळे हद्दपारीची नोटीस हातात असलेल्या माणसाने माफीच्या अर्जावर भिस्त ठेवून इमिग्रेशन न्यायालयातील तारीख चुकवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. या अर्जाला निर्णयाची मुदत नाही, तो वर्षानुवर्षे पडून राहतो, आणि तो प्रलंबित आहे म्हणून कोणतीही कारवाई थांबत नाही. अर्ज करण्याआधी गुन्ह्याचे कलम इमिग्रेशन वकिलाला दाखवावे. पैसे खर्च करायचेच असतील तर ते येथे करावेत.

नकार आला तर

सुनावणी होत नाही, अपील नाही आणि नकाराची कारणे कळवली जात नाहीत. न्याय खात्याचे प्रमुख असलेल्या अॅटर्नी जनरल यांनी नकाराची शिफारस केल्यानंतर 30 दिवसांत अध्यक्षांनी वेगळा निर्णय घेतला नाही, तर त्यांची संमती गृहीत धरली जाते. मृत्युदंडाची प्रकरणे याला अपवाद आहेत. दाद मागण्याच्या नादात वर्ष घालवण्यापेक्षा अर्जाची स्वतःजवळची प्रत काढून, कोणता कागद कच्चा होता ते पाहावे. माफीचा अर्ज नाकारल्याच्या तारखेपासून दोन वर्षांनी आणि शिक्षा कमी करण्याचा अर्ज एका वर्षाने पुन्हा करता येतो. ही मुदत नकाराच्या तारखेपासून सुरू होते, पत्र घरी पोहोचल्याच्या तारखेपासून नव्हे, आणि मधल्या काळात पत्ता बदलला असेल तर तो कार्यालयाला लेखी कळवलेला असावा, नाहीतर नकार आल्याचेही उशिरा कळते.